सनदेतले कलम आणि उमेदवाराचा अर्ज

दिनांक २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे पन्नास राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी ज्या सनदेवर सह्या केल्या, आणि जीवर पारतंत्र्यात असलेल्या हिंदुस्थानच्या वतीने रामस्वामी मुदलियार यांनीही आपले नाव लिहिले, त्या सनदेच्या १०१व्या कलमात नोकरभरतीविषयी जो थोडका मजकूर आहे, तो न्यूयॉर्क, जिनिव्हा, व्हिएन्ना किंवा नैरोबी येथील संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक नेमणुकीच्या मुळाशी आजही आहे. कार्यक्षमता, योग्यता आणि सचोटी यांची उच्चतम पातळी हाच नेमणुकीचा सर्वश्रेष्ठ निकष मानावा, असे त्या कलमाचे एक अंग सांगते. आणि नोकरवर्ग शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक क्षेत्रातून निवडण्याकडे योग्य लक्ष पुरवावे, असे दुसरे अंग सांगते. वाचताना या दोन वाक्यांत काही विसंवाद असेल अशी शंकाही येत नाही. परंतु नांदेडच्या वा सांगलीच्या एखाद्या बुद्धिमान पदवीधराने आपली प्रमाणपत्रे घेऊन त्या दाराशी जावे, आणि त्याच्या गुणवत्तेचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच त्याच्या पारपत्राचा प्रश्न उपस्थित व्हावा, असे जेव्हा घडते, तेव्हा या दोन अंगांमधील ताण किती खरा आहे हे त्यास कळून चुकते.

हा ताण मिटविण्यासाठी मुत्सद्द्यांनी जी तोड काढली ती गणिताची आहे. सचिवालयातील ज्या जागा भौगोलिक वाटपास पात्र समजल्या जातात, त्यांत प्रत्येक देशाच्या वाट्यास साधारण किती याव्यात हे ठरविताना ४० टक्के भार केवळ सदस्यत्वास, ५५ टक्के भार त्या देशाने भरलेल्या वर्गणीस, आणि उरलेला ५ टक्के भार लोकसंख्येस दिला जातो. जगातील दर सहा माणसांमागे एकाहून थोडी अधिक माणसे ज्या देशात राहतात, त्या देशास या हिशेबात लोकसंख्येचा लाभ नाममात्रच होतो, हे सांगण्यास मोठ्या गणितज्ञाची आवश्यकता नाही. वर्गणी भरणाऱ्याचा शब्द जड असावा हा व्यवहार आपल्याकडील सहकारी संस्थांतही नवा नाही. परंतु सनदेच्या उदात्त भाषेखाली तो इतक्या निःसंकोचपणे वावरत असेल, ही गोष्ट नवख्या उमेदवाराच्या ध्यानी सहसा येत नाही.

तिचा प्रत्यक्ष परिणाम मात्र त्याला लगेच भोगावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात तरुणांना कनिष्ठ अधिकारी म्हणून घेण्यासाठी जी स्पर्धा परीक्षा होते, जिला उमेदवारांच्या बोलीत ‘वायपीपी’ म्हणतात आणि जी २०११ साली जुन्या राष्ट्रीय स्पर्धा परीक्षेच्या जागी आली, तिची पहिली अट पदवीची नाही, वयाचीही नाही. पहिली अट अशी की, ज्या देशांचे प्रतिनिधित्व अपुरे आहे त्यांची जी यादी त्या त्या वर्षी प्रसिद्ध होते, तीत आपल्या देशाचे नाव असले पाहिजे. यादीत नाव नसेल तर पुढे वाचण्याचे कारणच उरत नाही. नाव असेल तर मग वय ३२ वर्षांहून अधिक नसावे, त्या वर्षी जाहीर झालेल्या विषयांपैकी एकात निदान पदवी असावी, आणि इंग्रजी वा फ्रेंच यांपैकी एक भाषा अस्खलित यावी, या अटी येतात. त्यातही एका देशातून एका विषयास ४० हून अधिक अर्ज आले, तर सर्वांत पात्र अशा ४० जणांनाच परीक्षेस बोलावण्याचा शिरस्ता राहिला आहे. म्हणजे लहानशा बेटावरील उमेदवारास जी परीक्षा अर्ज भरताच मिळते, ती देण्यासाठी मोठ्या देशातील उमेदवारास आधी आपल्याच देशबांधवांशी एक अप्रकट परीक्षा द्यावी लागते. आणि एवढे करून उत्तीर्ण झालेल्यांना मिळते ते नेमणूकपत्र नव्हे, तर ‘रोस्टर’ नामक प्रतीक्षायादीतील स्थान. जागा रिकामी झाली आणि तेथील अधिकाऱ्याने पसंत केले, तर नेमणूक.

हे सारे वाचून कोणास असे वाटेल की, मग गुणवत्तेच्या कलमाचे काय? त्याचे उत्तर त्या कलमातील ‘सचोटी’ या शब्दामागील इतिहासात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाचे पहिले सरचिटणीस एरिक ड्रमंड हे स्वतः ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले. पण निरनिराळ्या सरकारांनी आपापले नोकर उसने पाठवावेत आणि त्यांनी आपापल्या राजधानीकडे तोंड करून बसावे, ही पद्धत सोडून देऊन, ज्याची निष्ठा संस्थेशी असेल असा स्वतंत्र नोकरवर्ग उभारण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना जन्मास आली, आणि १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या तिच्या पहिल्या परिषदेस आपले नारायण मल्हार जोशी हिंदी कामगारांच्या वतीने उपस्थित होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १००व्या कलमाने, कोणत्याही सरकारकडून आज्ञा मागू नयेत व स्वीकारू नयेत असे बंधन या नोकरवर्गावर घातले. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चॉव्ह यांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता. तटस्थ राष्ट्रे असू शकतील, तटस्थ माणसे असत नाहीत, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत, आणि एका सरचिटणीसाच्या जागी तीन असावेत अशी सूचनाही त्यांनी केली होती. तत्कालीन सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी मे १९६१ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात या मताचा समाचार घेतला. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच काँगोच्या प्रश्नात मध्यस्थीसाठी जात असता विमान कोसळून त्यांचा अंत झाला. ज्या तरुणास या नोकरीची आकांक्षा आहे त्याने ते व्याख्यान मिळवून वाचावे, असे मला वाटते. मुलाखतीस त्याचा थेट उपयोग होईल म्हणून नव्हे. आपण कशासाठी अर्ज करीत आहोत हे तरी त्याला कळेल म्हणून.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. महाराष्ट्रातील सुशिक्षित तरुणाच्या मनात सरकारी नोकरीचे जे चित्र आहे ते परीक्षेने रेखाटलेले आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत पहाटेपासून रात्रीपर्यंत खुर्ची अडवून बसलेली हजारो मुले एका गोष्टीवर श्रद्धा ठेवून बसलेली असतात, आणि ती म्हणजे, एका दिवशीच्या उत्तरपत्रिकेने मागचे सारे पुसले जाते व पुढचे सारे लिहिले जाते. आंतरराष्ट्रीय संस्थांची भरती, वायपीपीसारखे अपवाद वगळले तर, या श्रद्धेच्या अगदी उलट चालते. तेथे उत्तरपत्रिका असलीच तर ती दुय्यम. मुख्य कागद म्हणजे आजवर केलेल्या कामाचा दाखला. अधिकारीवर्गाची श्रेणी ‘पी’ या अक्षराने ओळखली जाते. ‘पी-टू’ या हुद्द्यास पदव्युत्तर पदवी आणि साधारणतः दोन वर्षांचा अनुभव लागतो, ‘पी-थ्री’ला पाच वर्षांचा, ‘पी-फोर’ला सात वर्षांचा, पदव्युत्तर पदवी नसेल तर नुसत्या पदवीवर आणखी दोन वर्षांच्या अनुभवाने ती उणीव पुष्कळदा भरून निघते. अनुभव म्हणजे अनुभव. अभ्यासिकेत घालविलेली वर्षे त्यात धरली जात नाहीत. ज्या मुलाने बाविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत केवळ परीक्षा दिल्या आहेत, तो कितीही बुद्धिमान असला तरी या दप्तरात त्याचे पान कोरे असते, आणि माझ्या मते आपल्याकडील गुणी मुले या क्षेत्रात मागे राहतात त्याचे पारपत्राहूनही मोठे कारण हेच आहे.

अर्जाचा नमुना जरा निरखून पाहण्यासारखा आहे. सचिवालयाच्या ‘इन्स्पिरा’ नामक संगणकीय व्यवस्थेत नाव, शिक्षण, भाषा भरून झाल्यावर प्रत्येक नोकरीसाठी दोन चौकटी समोर येतात: एकीत आपली कर्तव्ये लिहायची, दुसरीत आपण काय साध्य केले ते लिहायचे. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका पदवीधर मुलीने एका स्वयंसेवी संस्थेत दोन वर्षे कुपोषणावर काम केले आहे. आपल्या सवयीप्रमाणे ती पहिल्या चौकटीत लिहिते, ‘संस्थेच्या विविध उपक्रमांत सक्रिय सहभाग घेतला’. आणि दुसऱ्या चौकटीत लिहिते, ‘वरिष्ठांची प्रशंसा मिळविली’. हा अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो. आणि तो गळणे अन्यायाचेही नाही, कारण वाचणाऱ्यास या दोन वाक्यांतून काहीच कळत नाही. तिने प्रत्यक्षात केलेले काम वेगळेच असते: अंगणवाड्यांतील मुलांच्या दंडाचा घेर मोजण्यास सेविकांना शिकविलेले असते, वजनाच्या नोंदवह्या व प्रत्यक्ष वजने यांतील तफावत शोधलेली असते, ती तालुक्याच्या बैठकीत मांडून काटे बदलून घेतलेले असतात. किती अंगणवाड्या, किती सेविका, काय चुकत होते, मी काय केले, पुढे काय बदलले, एवढे पाच प्रश्न मनात ठेवून तिने तेच काम पुन्हा लिहिले, तर त्याच मुलीचा तोच अनुभव एकाएकी वजनदार होतो. आपल्या शिक्षणाने ‘मी’ हा शब्द टाळण्याचा जो विनय अंगी बाणविला आहे तो घरी शोभतो. येथे ‘आम्ही केले’ असे लिहिणाऱ्याने नेमके काय केले, हे परीक्षकास उमगत नाही.

मुलाखतीचेही तंत्र याच जातीचे आहे. तुम्ही अमुक प्रसंगी काय कराल, असे तेथे विचारीत नाहीत. अशा प्रसंगी तुम्ही पूर्वी काय केलेत, ते विचारतात. सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हाचा एखादा प्रसंग सांगा. मुदतीत काम होणार नाही असे दिसले तेव्हा काय केलेत ते सांगा. मग प्रसंग कोणता, त्यात तुमची जबाबदारी कोणती, तुम्ही उचललेले पाऊल कोणते आणि फळ काय, या क्रमाने उत्तर अपेक्षित असते, आणि मंडळातील प्रत्येकजण समोरच्या कागदावर टिपण करीत असतो. तत्त्वचिंतनपर उत्तरे देणाऱ्यांची येथे फसगत होते. वक्तृत्वस्पर्धांत ढाली जिंकलेल्या आमच्या मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

भाषेविषयी थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश, सचिवालयाचा दैनंदिन कारभार इंग्रजी व फ्रेंच या दोन भाषांत. ज्याला इंग्रजीच येते त्याच्यासाठी दारे बंद नाहीत. पण पश्चिम व मध्य आफ्रिकेतील जी मोठी कार्यक्षेत्रे आहेत तेथे फ्रेंचवाचून पान हलत नाही, आणि नेमकी तेथेच तरुण माणसांची गरज अधिक असते. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा विदेशी भाषांचा विभाग पिढ्यान्‌पिढ्या ही भाषा शिकवीत आला आहे. महाविद्यालयात असतानाच तिकडे वळावे. नोकरी लागल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्यांना ते पुढे जमत नाही.

तर मग अनुभव मिळवावा कोठे? या प्रश्नाचे जे उत्तर आपल्या दारातच आहे त्याकडे आपली नजर सहसा जात नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो.

मुंबईत देवनार येथे लोकसंख्याशास्त्राची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा न्यास यांच्या सहकार्याने १९५६ साली ती स्थापन झाली, आणि आशिया व पॅसिफिक प्रदेशातील देशांचे विद्यार्थी तेथे शिकावयास येत राहिले आहेत. देशाचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था पार पाडते. लक्षावधी घरांतून जमा झालेली माहिती तपासावी कशी, तीतील चुका शोधाव्यात कशा, आणि तीतून माता-मृत्यूचे किंवा बालविवाहाचे प्रमाण काढावे कसे, हे ज्याने तेथे हात मळवून शिकले आहे, त्याची विद्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीस, बालनिधीस (युनिसेफ) वा जागतिक आरोग्य संघटनेस कोणत्याही खंडात उपयोगी पडते. शेजारच्याच आवारात टाटा समाजविज्ञान संस्था आहे. मुंबईचा मुलगा परदेशातील महागड्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी घर गहाण टाकण्याचा विचार करीत असतो, आणि देवनारचे दार त्याच्यापासून लोकलच्या पासाइतके जवळ असते, याला काय म्हणावे?

दुसरे उदाहरण वैद्यकाचे. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकार यांनी मिळून पोलिओच्या सर्वेक्षणाचा जो राष्ट्रीय प्रकल्प उभा केला, त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून सर्वेक्षण वैद्यकीय अधिकारी नेमले गेले. त्यांचे काम दवाखान्यात बसण्याचे नव्हते. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात वा पाय एकाएकी लुळा पडल्याची बातमी आली की तेथे जायचे. पक्षाघात सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने, विष्ठेचे दोन नमुने घ्यायचे. ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे रवाना करायचे. आणि ६० दिवसांनी पुन्हा त्या घरी जाऊन मूल चालते आहे की नाही ते पाहायचे. असे नमुने तपासणाऱ्या देशातील प्रमुख प्रयोगशाळांपैकी एक परळला, हाफकिन संस्थेच्या आवारात आहे. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या डॉक्टरने या कामात तीन-चार वर्षे धूळ खाल्ली, नकार देणाऱ्या वस्त्यांत जाऊन मौलवींशी आणि सरपंचांशी बोलणी केली, त्याच्या अर्जातील दुसरी चौकट भरण्यास त्याला शब्द शोधावे लागत नाहीत.

याखेरीज प्रत्येक देशात त्या देशाच्या नागरिकांसाठीच राखलेल्या राष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या जागा असतात. दिल्लीत लोदी इस्टेटमध्ये या संस्थांची कार्यालये एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, बालनिधीचे एक कार्यालय मुंबईतही आहे, आणि तेथील जागांसाठी स्थानिक भाषा, स्थानिक प्रशासन व जिल्हा परिषदेचा कारभार ठाऊक असणे हीच पात्रता ठरते. म्हणजे आयुष्यात एकदा तरी मराठी येत असल्याचे गुण मिळण्याचा संभव येथे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक दलाचीही हीच गोष्ट. आमसभेने १९७० साली स्थापिलेल्या आणि आता बॉन येथून चालणाऱ्या या दलास ‘स्वयंसेवक’ म्हणतात म्हणून ते फुकटचे काम आहे असा गैरसमज आहे; प्रत्यक्षात तेथे निर्वाहभत्ता मिळतो, स्वदेशात काम करण्याची सोय आहे, आणि तेथला काळ अनुभव म्हणून धरला जातो.

फुकटचे काम निराळेच आहे. सचिवालयातील इंटर्नशिप विनावेतन चालत आली आहे, आणि न्यूयॉर्क वा जिनिव्हा यांसारख्या महागड्या शहरांत काही महिने स्वखर्चाने राहण्याची ऐपत किती घरांत असते? २०१५ साली न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा तरुण जिनिव्हात सरोवराकाठी तंबू ठोकून राहत असल्याचे वर्तमानपत्रांतून झळकले, तेव्हा जगाचे तिकडे क्षणभर लक्ष गेले. आरोग्य संघटनेने २०२० पासून आपल्या इंटर्नना भत्ता देण्यास प्रारंभ केला. श्रमसंघटना तो आधीपासून देत होती. ज्या संस्था सर्व जगास योग्य वेतनाचा उपदेश करतात, त्यांनी आपल्या दारातील मुलांकडून बिनपगारी काम घ्यावे, याचे समर्थन मला कोणत्याही युक्तिवादाने पटलेले नाही. ज्याला परवडत नाही त्याने या वाटेस न जाता, भत्ता देणाऱ्या संस्थाच निवडाव्यात; तेवढ्याने भवितव्य बिघडत नाही.

कनिष्ठ व्यावसायिक अधिकाऱ्यांची, म्हणजे ‘जेपीओ’ची, योजना १९६१ पासून चालू आहे, पण तिचा खर्च देणगीदार सरकारे करतात आणि बहुधा आपल्याच नागरिकांसाठी करतात. नेदरलँड्ससारख्या एखाद्या देशाने विकसनशील देशांतील उमेदवारांसाठी काही जागा पुरस्कृत केल्या आहेत, तेवढी खिडकी पाहून ठेवावी. जागतिक बँकेचा मार्ग आणखी निराळा. ब्रेटन वुड्सच्या १९४४च्या परिषदेत, जेथे या बँकेचा व नाणेनिधीचा मसुदा ठरला, तेथे रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते. तरुण व्यावसायिकांसाठीचा बँकेचा कार्यक्रम १९६३ साली सुरू झाला, आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेले माँटेकसिंग अहलुवालिया १९६८ मध्ये याच दाराने आत गेले होते. तेथे पदव्युत्तर शिक्षण आणि एखाद्या विषयातील खोल अधिकार यांवाचून कोणी उभे करीत नाही.

ऋतू प्रतिकूल आहे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेने २०२५च्या जानेवारीत आरोग्य संघटना सोडण्याचा निर्णय जाहीर केला. थकलेल्या वर्गण्यांनी सचिवालयाची तिजोरी रिती केली. ऐंशीव्या वर्षी संस्थेने ‘यूएन ८०’ या नावाने काटकसरीची मोहीम हाती घेतली आणि हजारो जागा कमी करण्याचे प्रस्ताव मांडले. अनुभवी माणसांनाच जेथे निरोप मिळत आहेत, तेथे नवख्यांची भरती मंदावणार हे उघड आहे. म्हणून केवळ त्या निळ्या ध्वजासाठी आयुष्याची पाच वर्षे राखून ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. आरोग्य, शेती, पाणी, सांख्यिकी, कायदा यांपैकी ज्या विषयात आपले मन रमते त्यात पुढील काही वर्षे याच मातीत कसून काम करावे. जागा निघाल्या तर ते काम अर्जात जाईल, आणि न निघाल्या तरी ते काम वाया जाणार नाही.

शेवटी एक व्यवहाराची सूचना, कारण नोकऱ्या दुर्मिळ झाल्या की दलाल वाढतात. संयुक्त राष्ट्रांची कोणतीही संस्था अर्जासाठी, मुलाखतीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा कागदपत्रांच्या छाननीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, आणि त्याच्या बँकखात्याची चौकशीही करीत नाही. बोधचिन्ह छापलेले नेमणूकपत्र दाखवून कोणी व्हिसाच्या वा अनामतीच्या नावाखाली रक्कम मागू लागला, तर ते पत्र खोटे समजावे, रक्कम देऊ नये, आणि दिली गेली असल्यास विलंब न लावता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी.